होरीची खतावणी

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, मोंढ्यातल्या खत-बियाण्याच्या दुकानात मी बावीस वर्षं वही लिहिली. आमच्याकडे दोन भाव असायचे, एक रोखीचा आणि एक उधारीचा. मिरगाचा पाऊस पडला की ज्याच्या हातात पैसा नाही तो उधारीच्या भावानं पिशवी उचलायचा, आणि दिवाळीच्या पुढं-मागं त्याचं सोयाबीन आडतीवर आलं की पट्टीतून रक्कम वळती व्हायची. "लिहा की भाऊ, तुमचं बुडवून कुठं जायलाव," असं गिऱ्हाईक म्हणायचं आणि मी लिहायचो. मालक वाईट माणूस नव्हते. मीही वाईट नाही, अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत ढिली केली एका जुन्या हिंदी कादंबरीनं, म्हणून तिच्याविषयी लिहितो आहे.

कादंबरी म्हणजे प्रेमचंदांची 'गोदान'. पुतणीला बी.ए.ला हिंदी होतं. परीक्षा झाली आणि तिची पुस्तकं रद्दीत निघाली, त्यातलं हे मी उचलून दुकानात नेलं. दुपारी मोंढा ओस पडला की गल्ल्यामागं बसून वाचायचो.

प्रेमचंद म्हटलं की आपल्याला 'ईदगाह'मधला चिमटा विकत घेणारा हमीद आठवतो, पुढं फारसं काही आठवत नाही. त्यांचं खरं नाव धनपत राय. जन्म 31 जुलै 1880चा, बनारसजवळच्या लमही गावचा. आधी ते उर्दूत लिहायचे, हिंदीकडे नंतर आले. मराठवाड्याच्या जुन्या पिढीला ते परके वाटायचं कारण नव्हतं, कारण निजामाच्या राज्यात शाळा-कचेरीचा कारभार उर्दूत चालायचा. हैदराबादला 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं तेसुद्धा उर्दू माध्यमाचं. 'गोदान' आली 1936 मध्ये आणि त्याच वर्षी 8 ऑक्टोबरला प्रेमचंद गेले. त्यांची पूर्ण झालेली ही शेवटची कादंबरी.

गोष्ट सांगायला दोन मिनिटं पुरतात. अवध भागातलं बेलारी गाव. होरी महतो नावाचा शेतकरी, जमीनदाराच्या जमिनीवरचं कूळ. बायको धनिया, मुलगा गोबर, मुली सोना आणि रूपा. होरीची हौस एकच, आपल्या दारात गाय असावी. गाय येते आणि मरते. कर्ज वाढत जातं. शेवटी होरी मजुरीवर खडी खोदता खोदता उन्हानं पडतो आणि मरतो. पुढं काय होणार ते पहिल्या पन्नास पानांतच कळतं.

म्हणून बरेच लोक 'शेतकऱ्याच्या कर्जाची कादंबरी' एवढं म्हणून ती मिटवतात. मला ती तशी वाटत नाही. माणूस अडला की आजूबाजूची माणसं त्याच्याशी कशी वागतात, हा तिचा खरा विषय आहे. 'अडला हरी गाढवाचे पाय धरी' ही म्हण आपण हरीची कीव करत वापरतो. प्रेमचंद त्या गाढवाकडेही निरखून बघतात. शिवाय ते दाखवतात की आजचा हरी उद्या दुसऱ्या कुणाचं तरी गाढव असतो.

सुरुवातीचाच प्रसंग घ्या. होरी जमीनदाराच्या भेटीला निघाला आहे. वाटेत भोला गवळी गायी घेऊन भेटतो. होरीचा जीव एका गायीवर जडतो, पण खिशात दमडी नाही. भोलाची बायको वारलेली. मग होरी त्याला लग्नाचं गाजर दाखवतो, एक बाई आहे माझ्या बघण्यात, जुळवून देतो म्हणतो. ही शुद्ध थाप आहे. भोला खुलतो आणि ऐंशी रुपयांची गाय उधारीवर द्यायला तयार होतो. म्हणजे आपला नायक पहिल्याच प्रकरणात एका एकट्या माणसाला बनवतो, आणि त्याबद्दल त्याच्या मनात फार काही टोचतही नाही.

पुढं बोलता बोलता भोलाच्या तोंडून निघतं की घरातली वैरण संपली आहे. तेवढ्यावर होरी बदलतो. अडचणीत सापडलेल्याची गाय घ्यायची म्हणजे जळत्या घरावर हात शेकायचे, ते त्याच्यानं होत नाही. हातात आलेली गाय तो परत करतो, आणि वर माझ्याकडचा भुसा घेऊन जा म्हणतो.

हा प्रसंग मी तीनदा वाचला. थाप मारणारा आणि गाय परत करणारा माणूस एकच आहे आणि मधे एक तासही गेलेला नाही. होरी खोटं बोलू शकतो, पण समोरच्याची गरज हत्यारासारखी वापरू शकत नाही. आपण साधारणपणे 'खरं बोलतो तो चांगला' असं माप लावतो. प्रेमचंदांचं माप निराळं आहे. पुढची सगळी पात्रं या मापानं बघितली की कादंबरी उलगडत जाते.

याचा अर्थ होरी देवमाणूस आहे असं मात्र नाही. त्याचा आणि भावांचा बांबूचं सामाईक बेट असतं. विकत घ्यायला आलेल्या बुरडाशी होरी आतून ठरवतो की भाव शेकडा वीस रुपये, पण भावांना सांगायचा पंधरा. वरचे पैसे होरीच्या खिशात. बांबू तोडून झाल्यावर बुरूड पंधराच्या भावानंच पैसे मोजतो. होरी कुरकुरतो तर तो म्हणतो, बोलवू का तुझ्या भावाला, त्याच्यासमोरच ठरलं होतं ना पंधरा? होरी मुकाट बसतो. खेड्यातली सामाईक विहीर, सामाईक बांध, सामाईक आंब्याचं झाड ज्यानं बघितलंय त्याला हे वाचून हसू येईल आणि थोडं ओशाळायलाही होईल.

आता भोलाचं बघा. गाय होरीच्या घरी येते. होरीचा सख्खा भाऊ हीरा जळफळाटानं तिला विष घालतो आणि परागंदा होतो. तिकडं गोबर आणि भोलाची विधवा मुलगी झुनिया यांचं जुळलेलं असतं. ती गरोदर राहते, गोबर तिला घराच्या वाटेला लावून स्वतः लखनौला पळ काढतो. होरी-धनिया तिला आसरा देतात. भोला पेटतो. गायीचे पैसे टाक नाहीतर बैल सोडून नेतो म्हणतो. होरी म्हणतो, तुझा धर्म तुला सांगत असेल तर ने. भोला बैल नेतो. कालपर्यंत वैरणीसाठी अडलेला, होरीचा भुसा नेलेला हाच तो भोला. बैल गेले म्हणजे काय झालं हे आपल्याकडे समजावून सांगावं लागणार नाही. होरीला पंडित दातादीनशी बटईचा, म्हणजे पीक वाटून घ्यायचा, करार करावा लागतो आणि ज्या शेतात तो मालकासारखा राबायचा तिथं मजुरासारखा राबायला लागतो.

कर्जाचा हिशोब प्रेमचंदांनी असा मांडलाय की माझ्यासारख्या वहीवाल्यालाही हेवा वाटावा. मंगरू शाहकडून बैलासाठी साठ रुपये घेतले. पाच वर्षांत साठ फेडून झाले, आणि मूळचे साठ जसेच्या तसे उभे. दातादीनकडून तीस घेऊन बटाटे लावले. बटाटे चोरांनी उकरून नेले, तिसाचे तीन वर्षांत शंभर झाले. दुकानवाल्या दुलारी सहुआइनचे चाळीस भावांच्या वाटणीसाठी काढलेले, त्यांचेही शंभराच्या आसपास, कारण व्याज रुपयाला आणा. म्हणजे महिन्याला शेकडा सव्वासहा, वर्षाचे पंचाहत्तर. ऊस कारखान्यावर घातला तर एकशे वीस रुपये हाती येतात, पण तिथंच उभा असलेला गावचा सावकार झिंगुरी सिंह आपले कापून घेऊन पंचवीस हातावर ठेवतो, आणि ते पंचवीस वाटेत जमीनदाराचा कारभारी नोखेराम घेतो. होरी रिकाम्या हातानं घरी येतो. ऊस, काटा, कपात हे शब्द मराठवाड्यातल्या वाचकाला कुणी शिकवायला नकोत.

पुढं होळीत गावची पोरं झिंगुरी सिंहाची नक्कल करतात. शेतकरी दहा रुपये कर्ज मागतो, कागद होतो, हातात पाच पडतात. "मालक, हे तर पाचच आहेत." "पाच नाहीत, दहा आहेत, घरी जाऊन मोज." एक रुपया नजराणा, एक लिहिणावळ, एक कागदाचा, एक दस्तुरी, एक व्याजाचा, आणि पाच रोख, झाले की नाही दहा? मग तो शेतकरी म्हणतो, हे पाचही ठेवून घ्या. एक धाकट्या ठकुराइनला नजराणा, एक तिच्या पानाला, एक थोरल्या ठकुराइनला नजराणा, एक तिच्या पानाला, आणि उरलेला एक तुमच्या क्रियाकर्माला. आज फायनान्सवाला प्रोसेसिंग फी, विमा, फाईल चार्ज कापून खात्यात रक्कम टाकतो तेव्हा मला ही नक्कल आठवते. आपल्या राज्यात 2014चा सावकारी नियमन कायदा आहे, परवाना लागतो, व्याजाला मर्यादा आहे. उधारीच्या भावाला मात्र व्याज म्हणत नाहीत. समजा पिशवी रोखीत अकराशेची आणि उधारीत साडेबाराशेची, मुदत पाच महिने. मांडून बघा, महिन्याला शेकडा पावणेतीनच्या घरात जातं. वहीत त्याला 'भाव' म्हणतात. मीच लिहायचो, म्हणून सांगतो.

आणि तरी हे सगळे घेणेकरी राक्षस नाहीत, इथं कादंबरी खरी अवघड होते. प्रत्येकाकडे आपापलं कारण आहे. दुलारीला वाटतं, मी एकटी विधवा, व्याजावर नाही जगणार तर कशावर? जमीनदार रायसाहेब तर होरीला जवळ बसवून अर्धा तास आपलं दुःख सांगतात, की ही जमीनदारी आम्हाला किडवते आहे, ती गेली तर आमची सुटका होईल. ऐकताना ते मनापासून बोलताहेत असंच वाटतं. तेवढ्यात चपराशी येऊन सांगतो की वेठीचे मजूर जेवण मिळाल्याशिवाय कामाला हात लावणार नाही म्हणतात. रायसाहेबांचे डोळे फिरतात, बघतो त्यांच्याकडे म्हणत ते उठतात. मगाचं बोलणं ढोंग होतं का? मला नाही वाटत. माणूस स्वतःबद्दल खरं बोलूनही दुसऱ्या मिनिटाला उलटं वागू शकतो, त्याला त्यात विसंगती दिसतच नाही. हेच रायसाहेब पुढं स्वतः कर्जासाठी दुसऱ्यांच्या दारात उभे राहतात.

गोबरचं उदाहरण मला सगळ्यांत जास्त लागलं. तो बापासारखा नाही. शहरात जाऊन आला, डोळे उघडलेत. परत आल्यावर तो दातादीनला हिशोब मांडून दाखवतो, तुमच्या तिसाचे रास्त व्याजानं सत्तर होतात, दोनशे कसले मागता? वाचताना आपण टाळी देतो. पण आधीच चार ओळींत प्रेमचंद सांगून गेलेले असतात की हाच गोबर लखनौत टांगेवाले, गाडीवान, धोबी यांना व्याजानं पैसे देतो. ज्याला सावकारी कळली त्यानं सावकारी सोडली नाही, सुरू केली. आमच्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या एका कोयत्याचा, म्हणजे तोडणीवाल्या जोडप्याचा पोरगा, लहानपणी बापाच्या आगाऊ उचलीपायी पाचटात वाढलेला, पुढं उचल देऊन टोळी नेणारा मुकादम झालेला मी बघितला आहे. तो काही निराळा वागला असं ऐकलं नाही. त्याला नावं ठेवायचा मला हक्क आहे का, हा वेगळा प्रश्न.

दातादीन सत्तरावर चिडून निघतो. ब्राह्मणाचा पैसा पचवून दाखवा म्हणतो. मग होरी काय करतो? धावत जाऊन त्याचे पाय धरतो आणि तुमची पै न् पै देईन असं वचन देतो. गोबर कपाळ बडवतो. होरीला गणित कळत नाही असं नाही. गणितापेक्षा मोठं काहीतरी त्याच्या मानेवर बसलेलं आहे.

त्या मोठ्या गोष्टीला कादंबरीत 'मरजाद' म्हणतात, आपण अब्रू म्हणतो. होरीला कर्जाइतकंच अब्रूनं खाल्लंय, असं माझं मत झालंय. हीरानं गाय मारली हे त्याला ठाऊक असतं. दरोगा हीराच्या घराची झडती घ्यायला येतो तेव्हा होरीला गाय आठवत नाही, घराण्याची बेअब्रू आठवते. उसने पैसे काढून तो लाच द्यायला निघतो, आणि त्या लाचेत गावच्या पंचांचाही वाटा ठरलेला असतो. धनिया मधे पडते, गाठोड्याला हिसका देते आणि रुपये जमिनीवर विखुरतात. झुनियाला घरात घेतली म्हणून पंच शंभर रुपये रोख आणि तीस मण धान्याचा दंड लावतात. होरी खळ्यावरचं धान्य स्वतःच्या डोक्यावर वाहून झिंगुरी सिंहाच्या चौपालीत टाकतो, लेकराबाळांच्या तोंडचं, आणि रोख भरायला घर गहाण टाकतो. कुणी त्याला दोरीनं बांधलेलं नाही. वाळीत पडायची भीती पुरेशी आहे. आपल्याकडे जातपंचायतीच्या बहिष्काराविरुद्ध 2016 मध्ये कायदा झाला, पण 'चार लोकांत तोंड कसं दाखवू' याला कुठलं कलम लावणार? मोंढ्यात बसून मी एवढं बघितलं की पेरणीची उधारी बरेच जण कसंबसं फेडतात. वही कोलमडते ती लग्नाच्या वर्षी. मंडप, मानपान, आहेर, हजार पानं उठली पाहिजेत. त्या वर्षी माणूस मान खाली घालून येतो आणि भाव विचारतही नाही.

इथं एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, नाहीतर होरी नुसता भोळसट वाटतो. जी अब्रू त्याला पंचांपुढं वाकवते, तीच त्याला पळून गेलेल्या हीराच्या बायकोचं, पुनियाचं शेत सांभाळायला लावते. स्वतःचं काम पडलेलं असताना तो पुनियाच्या शेतात राबतो. झुनिया पाया पडते तेव्हा तो हाकलायला म्हणून घरात शिरलेला असतो, आणि घाबरू नकोस पोरी, असं म्हणून जातो. चांगुलपण आणि भित्रेपण त्याच्यात एकाच मुळाला फुटलेले फाटे आहेत. एक छाटला तर दुसरा राहील याची खात्री नाही. हे मला कुठल्याही प्रवचनात ऐकायला मिळालं नव्हतं.

धनियाला मात्र हा रोग नाही. ती कडक, भांडकुदळ, शिव्या देणारी. पंचांना तोंडावर सुनावते, दरोग्याला सुनावते, नवऱ्याचा मार खाते आणि तरी गप्प बसत नाही. प्रत्येक वेळी तिचं म्हणणं बरोबर ठरतं आणि प्रत्येक वेळी होतं होरीच्या मनासारखं. आमच्या घरी ही कादंबरी मी बायकोला तोंडी सांगितली. ती म्हणाली, "तिचं ऐकलं असतं तर पुस्तक पन्नास पानांत संपलं असतं."

शहराकडच्या प्रकरणांबद्दल एक सल्ला. मालती, मेहता, खन्ना, संपादक ओंकारनाथ यांची भाषणं लांबतात. पहिल्या वाचनात कंटाळा आला तर ती चाळून पुढं जा, प्रेमचंद रागावणार नाहीत. दातादीनचा मुलगा मातादीन आणि दलित मजूर बाई सिलिया यांची कथा मात्र सोडू नका. तो पंडिताचा मुलगा तिला वापरून घेतो. तिच्या जातीची माणसं भर खळ्यात त्याच्या तोंडात हाड कोंबतात. प्रायश्चित्त घेऊनही त्याला जुनी जागा मिळत नाही, आणि पुढं तो जानवं टाकून तिच्या झोपडीत राहायला जातो. अख्ख्या पुस्तकात खरोखर बदललेला माणूस शोधायचा तर मला हाच सापडतो, आणि तोही स्वतः अडल्यावर बदललेला.

शेवटाकडे लगान थकतो आणि जमीन जायची वेळ येते. दातादीन तोड काढून देतो, रूपाचं लग्न रामसेवकशी लावायचं. तो होरीपेक्षा थोडाच लहान. होरी त्याच्याकडून दोनशे रुपये घेतो. आयुष्यभर जी अब्रू सांभाळायला सगळं घातलं, ती त्या दोनशेत जाते. त्याचा हात थरथरतो, मान वर होत नाही. भोलाच्या अडचणीत गाय न घेणाऱ्या माणसाची अडचण मात्र प्रत्येकाला कामाला आली.

माझं एक सांगायचं राहिलं. दुबार पेरणीच्या एका वर्षी एक मामा दुकानात आले. पहिली पेरणी वाळून गेली होती. मागची बाकी होती, म्हणून मी सांगितलं की आधी जुनं मिटवा. ते अर्धा दिवस पायरीवर बसून राहिले. संध्याकाळी मालकांनी डोळ्यांनी खुणावलं तेव्हा मी उधारीच्या भावानं पिशवी लिहिली, वर जुन्या बाकीवर चढ लावला. ते हात जोडून गेले. त्या हिवाळ्यात त्यांनी मला शेतावर हुरड्याला बोलावलं. आगटी पेटवली, कणसं भाजली, तिळाची चटणी, वर गूळ. आग्रह करकरून खाऊ घातलं. 'गोदान' तोवर मी वाचलेली नव्हती. हुरडा गोड लागला होता.

होरी मरतो तेव्हा लोक म्हणतात, गोदान करा, वेळ झाली. धनिया यंत्रासारखी उठते. त्या दिवशी वळलेली सुतळी विकून आलेले वीस आणे असतात, ते ती नवऱ्याच्या थंड हातावर ठेवते आणि समोरच्या महाराजांना सांगते की घरात गाय नाही, कालवड नाही, पैसा नाही, एवढंच आहे, हेच यांचं गोदान. आणि कोसळते. सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे वीस आणे झाले सव्वा रुपया. आपल्याकडे सत्यनारायणाला ताटात ठेवायचो तेवढेच. प्रेमचंद सव्वा रुपया म्हणत नाहीत. सुतळीचे वीस आणे म्हणतात.